शुक्राणूच्या पटलातील ग्लायकोलिपिडे: या अभ्यासात नव्याने येणाऱ्यांसाठी

पुरुष-प्रजननक्षमतेच्या संशोधनाकडे मी प्रथिनांच्या वाटेने आलो, त्यामुळे शुक्राणूच्या पेशीपटलातील मेदरेणू म्हणजे प्रथिनांना आधार देणारा थर, एवढीच माझी पहिली काही वर्षे समजूत होती. ती सेमिनोलिपिडने मोडली. सस्तन प्राण्यांच्या वृषणातील व शुक्राणूंतील हे प्रमुख ग्लायकोलिपिड, म्हणजे शर्करा जोडलेला मेदरेणू, आहे. ग्लिसरॉलच्या एका कार्बनवर ईथर बंधाने आणि दुसऱ्यावर एस्टर बंधाने जोडलेली एकेक लांब शृंखला, तर तिसऱ्यावर सल्फेटयुक्त गॅलॅक्टोज ही शर्करा, अशी त्याची रचना असते. ही रचना प्रत्येक नवोदिताने वहीत स्वतःच्या हाताने काढावी, असा माझा आग्रह आहे, कारण माझी सर्वांत मोठी चूक त्यातील एस्टर बंधाकडे दुर्लक्ष केल्याने झाली.

मेंदूच्या ऊतीतून सल्फेटाइड (सल्फेटयुक्त गॅलॅक्टोज असलेले दुसरे ग्लायकोलिपिड) वेगळे करण्याची रूढ पद्धत मी वृषणाच्या ऊतीला जशीच्या तशी लावली. क्लोरोफॉर्म आणि मिथेनॉल यांच्या 2:1 मिश्रणात मेद काढून घेतले आणि नको असलेली फॉस्फोलिपिडे निघून जावीत म्हणून सौम्य अल्कलीची प्रक्रिया केली. सिलिकाच्या प्लेटवर मेद वेगळे करून तिच्यावर ऑर्सिनॉल हे शर्करायुक्त रेणूंना रंग देणारे द्रव्य फवारून ती तापवली, तेव्हा अपेक्षित जागी जांभळा पट्टा नव्हता. त्याच्या बराच खाली मात्र एक अनोळखी पट्टा उमटला होता. ऊतीच खराब झाली असावी, असे समजून मी तीन आठवडे नवनवे नमुने घेत राहिलो. अखेर माझ्या मार्गदर्शक बाईंनी एकच प्रश्न विचारला, "अल्कली कशासाठी घातलीत?" सल्फेटाइडमधील मेदाम्ल अमाइड बंधाने जोडलेले असल्यामुळे ते अल्कलीत टिकते, सेमिनोलिपिडमधले एस्टर बंधाचे असल्यामुळे सुटून जाते. अल्कली न घातलेल्या नमुन्याने मास स्पेक्ट्रोमीटरवर ऋण आयनांच्या पद्धतीत 795.5 या वस्तुमान-भार गुणोत्तराला ठळक संकेत दिला, तर घातलेल्या नमुन्यात तो जवळपास नाहीसा होऊन 557.3 वर नवा संकेत आला. दोहोंतला फरक सोळा कार्बनी मेदाम्लाचा होता.

हा रेणू प्रजननासाठी अपरिहार्य आहे, याचा सर्वांत भक्कम पुरावा उंदरांवरील जनुकीय प्रयोगांतून आला. गॅलॅक्टोज जोडणारे विकर नसलेल्या उंदरांत शुक्राणुजनन अर्धसूत्री विभाजनाच्या पूर्वावस्थेतच अडते, हे 2000 मध्ये प्रसिद्ध झाले. 2002 मध्ये सल्फेट जोडणाऱ्या विकराच्या अभावीही नर उंदीर वंध्य राहतात, असे दिसले. म्हणजे केवळ शर्करा असून भागत नाही, तिच्यावरचा सल्फेट गटही लागतो. माझ्या मते हे दोन शोधनिबंध एकापाठोपाठ वाचावेत, कारण दुसऱ्याने पहिल्याचा अर्थ अधिक नेमका केला.

परिपक्व शुक्राणूकडे वळल्यावर प्रश्न बदलतो. मादीच्या प्रजननमार्गात काही काळ घालवल्यावरच शुक्राणू फलनक्षम होतो, हे चँग आणि ऑस्टिन यांनी 1951 मध्ये स्वतंत्रपणे दाखवले. या बदलाला कॅपॅसिटेशन म्हणतात. त्यात पटलातील कोलेस्टेरॉल कमी होते आणि जीएम1 हे गँग्लिओसाइड (सायलिक आम्ल असलेले ग्लायकोलिपिड) कॅल्शियमच्या प्रवेशाच्या नियमनात भाग घेते. जीएम1 पाहण्यासाठी आपण त्याला चिकटणारे कॉलरा विषाचे बी-उपएकक वापरतो. इथे विशेष सावध राहावे: ते पाच घटकांचे असल्याने एकाच वेळी पाच जीएम1 रेणूंना पकडून एकत्र ओढू शकते, आणि पेशींच्या स्थिरीकरणासाठी वापरले जाणारे फॉर्मल्डिहाइड प्रथिने बांधते तसे मेद बांधत नाही. म्हणून स्थिरीकरण केलेल्या शुक्राणूवर दिसणारे सुबक ठिपके मूळ मांडणीचेच असतील, असे मानू नये. जिवंत शुक्राणूंशी तुलना केल्याशिवाय मी असे छायाचित्र आता स्वीकारत नाही.

उंदरावरून माणसाकडे उडी घेतानाही असाच संयम लागतो. मिग्लुस्टॅट हे ग्लायकोस्फिंगोलिपिडांची (जीएम1 ज्या गटात मोडते त्या ग्लायकोलिपिडांची) निर्मिती रोखणारे औषध दिल्यावर काही जातींच्या नर उंदरांत वंध्यत्व आले आणि औषध थांबवल्यावर प्रजननक्षमता परत आली. पुरुषांसाठी संततिनियमनाची गोळी मिळेल, अशी आशा त्यातून निर्माण झाली. निरोगी पुरुषांवरील अभ्यासात मात्र 2007 मध्ये शुक्राणुजननावर तसा परिणाम आढळला नाही. माझ्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांना मी पहिल्याच आठवड्यात ही दोन्ही निरीक्षणे शेजारी ठेवून वाचायला देतो, आणि त्यानंतरच काचेच्या नळ्या, क्लोरोफॉर्म व सिलिकाची प्लेट त्यांच्या हाती देतो.