पोकरमध्ये समोरची बोली कधी स्वीकारावी
परभणीतल्या आमच्या घरी दिवाळीत पैशांऐवजी चिंचोके लावून पोकर खेळतात, आणि नवख्याने हिशेब असाच शिकावा, असे मला मनापासून वाटते. समजा, सर्वांसाठी उघडलेल्या चार पानांत दोन बदाम आहेत, पाचवे पान उघडायचे आहे आणि आपल्या हातातली दोन्ही पानेही बदामच आहेत. न दिसलेल्या 46 पानांत 9 बदाम उरतात, म्हणजे फ्लश (इथे पाच बदाम) जुळण्याची शक्यता सुमारे 20 टक्के असते. मधल्या राशीत 40 चिंचोके असताना प्रतिस्पर्ध्याने 20 लावले, तर आपले 20 धरून होणाऱ्या 80 च्या राशीसाठी आपल्याला 20, म्हणजे 25 टक्के, भरावे लागतात. जुळण्याची शक्यता त्याहून कमी असल्याने अशा वेळी डाव सोडावा. त्याने 10 च लावले, तर 60 मध्ये आपला वाटा जेमतेम 17 टक्के होतो आणि बोली स्वीकारणे योग्य ठरते. आधी भरलेले चिंचोके मात्र आपले म्हणून मोजू नयेत.