अमेरिकन राष्ट्राध्यक्षाला कधी काढावं? महाभियोगावर बोलताना या चुका टाळा

पहिली गडबड शब्दातच होते. महाभियोग झाला म्हणजे माणूस गेला, असं धरून लोक बोलतात. तसं नाहीये. हाउसने, म्हणजे अमेरिकी संसदेच्या खालच्या सभागृहाने, साध्या बहुमताने आरोप ठेवले की महाभियोग झाला, पदावरून काढायचं का ते नंतर सिनेट म्हणजे वरचं सभागृह ठरवतं आणि तिथे हजर सदस्यांपैकी दोन तृतीयांश मतं लागतात, म्हणजे शंभरही हजर असले तर ६७. अँड्र्यू जॉन्सन, बिल क्लिंटन, डोनाल्ड ट्रम्प दोनदा, या चारही वेळा सिनेटने कोणाला काढलं नाही. निक्सन तर हाउसमध्ये मतदान व्हायच्या आधीच राजीनामा देऊन गेले.

"कायद्याचं कुठलं कलम मोडलं ते दाखवा आधी" ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते. संविधानात देशद्रोह, लाचखोरी आणि इतर मोठे गुन्हे व गैरवर्तन असं लिहिलंय, पण हे फौजदारी कोर्ट नाही, इथे तुरुंग नाही, जातं ते फक्त पद. संविधान घडवणाऱ्यांपैकी एक असलेल्या हॅमिल्टनने तेव्हाच सांगितलं होतं की हा विषय लोकांनी टाकलेल्या विश्वासाचा गैरवापर केल्याचा आहे. म्हणून विचारायचं ते हे, की त्याने त्या खुर्चीची ताकद स्वतःसाठी वापरली का?

१९७४ मध्ये हाउसच्या न्यायविषयक समितीसमोर निक्सनने इन्कम टॅक्स चुकवल्याच्या आरोपाचं कलमसुद्धा आलं होतं, ते २६ विरुद्ध १२ मतांनी पडलं. पुरावा पुरेसा नाही असं काहींचं म्हणणं होतं आणि टॅक्स हा खाजगी मामला, पदाच्या सत्तेचा गैरवापर नव्हे असंही काहींचं. आता याच्या शेजारी २३ जून १९७२ ची टेप ठेवा. ऑफिसात बसून निक्सनचा मुख्य सहाय्यक हाल्डेमन सांगतोय की सीआयएकडून एफबीआयला निरोप द्यायचा, वॉटरगेटच्या (विरोधी पक्षाच्या कार्यालयात झालेल्या घुसखोरीच्या) तपासापासून लांब राहा, आणि राष्ट्राध्यक्ष हो म्हणतोय. तपास थांबवायला सरकारी यंत्रणाच वापरायची, हे राष्ट्राध्यक्षाशिवाय कोण करू शकतं? ही टेप ५ ऑगस्ट १९७४ ला बाहेर आली, ८ तारखेला त्यांनी राजीनामा जाहीर केला आणि ९ ला ते गेले.

याच्या उलट चूक म्हणजे कारभार वाईट आहे, निर्णय पटत नाहीत, म्हणून काढा. १७८७ मध्ये संविधान लिहिताना जॉर्ज मेसनने "गैरकारभार" हा शब्द घालायला सुचवलं होतं पण मॅडिसन म्हणाला हा इतका मोघम आहे की राष्ट्राध्यक्ष सिनेटच्या मर्जीवर राहील, आणि मग तो शब्द गेला. १८६८ चा जॉन्सनचा खटला मला इथे आठवतो. त्याने गुलामीतून सुटलेल्या लोकांच्या हक्कांची वाट अडवली, मला त्याच्याबद्दल जराही सहानुभूती नाही, पण आरोपपत्र बघा तर ११ पैकी बहुतेक कलमं स्टँटन या मंत्र्याला काढल्याबद्दल, तेही काँग्रेसने (अमेरिकी संसदेने) आदल्याच वर्षी केलेल्या कायद्यावरून. राग एका गोष्टीचा, आरोप दुसऱ्याच गोष्टीचा. ३५ विरुद्ध १९, एका मताने सुटला. पुरावा नीट, कलम नेमकं नसेल तर घाई करू नका.

आणि प्लीज, पक्ष बघून मत बनवू नका. हीच गोष्ट आपल्या आवडत्या राष्ट्राध्यक्षाने केली असती तर मी काय म्हटलं असतं, हे आधी स्वतःला विचारा. २०२० मध्ये रिपब्लिकन सिनेटर मिट रॉम्नीने स्वतःच्याच पक्षाच्या राष्ट्राध्यक्षाविरुद्ध, म्हणजे ट्रम्प यांच्याविरुद्ध, मत दिलं, असं याआधी कुठल्याच सिनेटरने केलं नव्हतं.

शेवटची चूक, "आता टर्म संपलीच आहे, कशाला". अहो, दोषी ठरवल्यावर पुन्हा पद मिळू नये म्हणून सिनेट वेगळं मतदान घेऊ शकतं आणि तिथे साधं बहुमत पुरतं. पण आधी दोषी ठरवावं लागतं. ट्रम्प यांच्या दुसऱ्या महाभियोगात, ते पदावरून गेल्यानंतर, १३ फेब्रुवारी २०२१ ला ५७ जणांनी दोषी म्हटलं, त्यात ७ रिपब्लिकन होते, पण दहा मतं कमी पडली. सिनेटमधले रिपब्लिकन नेते मिच मॅकॉनेल यांनी निर्दोष असं मत दिलं आणि त्याच दिवशी सिनेटमध्ये उभं राहून सांगितलं की ६ जानेवारीला जे घडलं (ट्रम्प समर्थकांचा संसद भवनावरचा हल्ला) त्याला ट्रम्पच जबाबदार आहेत, पण पद सोडलेल्या माणसाला दोषी ठरवायचा अधिकार सिनेटला नाही. बंदीचं मतदान मग झालंच नाही.