पहिला लोगो: चित्राआधी नाव

ग्राफिक डिझाइन शिकून बाहेर पडलं की पहिलं काम बहुतेकदा ओळखीतूनच येतं. मामाचं मेडिकल, शेजारच्या काकूंचे पापड-लोणची, मित्राचं मोबाइल रिपेअरिंग. मी सोलापूर जिल्ह्यात अशाच लहान उद्योगांची कामं करते: तेलघाणे, मसाले, कडक भाकरी, चादरी. नवीन मुलं-मुली विचारतात, "ताई, सुरुवात कुठून करू?" माझं उत्तर ठरलेलं आहे. चित्र शोधत बसू नका, आधी नाव हातात घ्या.

लाकडी घाण्याच्या तेलाचं काम आलं, की बहुतेकांच्या वहीत पहिल्या तासाभरात थेंब, पान आणि बैल उमटतात. किराणा दुकानात तेलाच्या फळीसमोर उभं राहून बघा, तिथेही थेंब, पान आणि बैलच. त्या रांगेतून गिऱ्हाईक बाटली उचलतं ते नाव वाचून, आणि शेजारणीला सांगतं तेही नावच. "थेंबवालं तेल घेऊन ये" असं कोणी म्हणत नाही. नुसत्या चिन्हाची ओळख पटायला खूप काळ आणि खूप पैसा जावा लागतो. स्टेट बँकेचं निळं वर्तुळ आज नावाशिवायही ओळखू येतं, पण ते 1971 पासून देशभरातल्या शाखांवर झळकतंय. ज्याचा एकच घाणा आहे, त्याच्यासाठी नाव स्वच्छ वाचलं जाणं हीच मोठी कमाई.

दुसरी गोष्ट, कॉम्प्युटर उघडण्याआधी जागेवर जा. फोनवर "रंग कोणता आवडतो?" विचारलं तर "लाल-पिवळा" असं उत्तर येतं आणि तिथेच गाडी अडते. त्याऐवजी तासभर घाण्यावर बसा. करडई, शेंगदाणा, खोबरं काय काय गाळतात, माल कोण नेतं, पैसे देताना काय बोलतं, हे ऐका. मग एकच प्रश्न विचारा: "दादा, हे नाव सगळ्यात आधी कुठं छापणार?" पावती पुस्तकावर की बाटलीवर, दुकानाच्या बोर्डावर की व्हॉट्सअ‍ॅपच्या डीपीत? या उत्तरावर निम्मं डिझाइन ठरतं. पावती पुस्तक एका रंगात छापतात, शिक्का तर रबराचाच, आणि डीपीच्या गोलात लांबलचक नाव दोन्ही बाजूंनी कापलं जातं, म्हणून पहिल्या अक्षराची किंवा दोन ओळींची वेगळी मांडणी लागते.

बाटलीचं लेबल तेलकट हातांनी हाताळलं जातं. साध्या कागदाच्या स्टिकरवर तेलाचं बोट टेकवून बघा: कागद पारदर्शक होतो, फिकट रंग त्यात विरतो आणि बारीक रेघ दिसेनाशी होते. लॅमिनेशन करा असं मालकाला सांगायचंच, पण तो खर्च टाळणार हेही धरून चालायचं, म्हणजे अक्षर गडद आणि जाड हवं. शिवाय त्याच लेबलवर एफएसएसएआयचं (अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेचं) चिन्ह आणि 14 आकडी क्रमांक, शाकाहाराचा हिरवा ठिपका, वजन, एमआरपी, तारखा हे सगळं बसवायचं असतं. तुमच्या वाट्याला जागा थोडीच येते.

आता खरं काम, अक्षरांचं. 'समृद्धी' हे नाव आपल्याकडे गल्लोगल्ली सापडतं, म्हणून तेच घेऊ. पहिल्यांदा शुद्धलेखन. आधी द, मग ध. कितीतरी बोर्डांवर 'समृध्दी' असं उलटं जोडाक्षर दिसतं. मालकाने कागदावर तसं लिहून दिलं असलं तरी बोर्ड रंगवण्याआधी प्रेमाने दाखवून द्या. नंतर शब्दाची ठेवण बघा. 'स' मोकळा आहे. 'म'च्या पायाशी ऋकार लटकतो. 'द्धी'मध्ये सगळी गर्दी: वर वेलांटी, मध्ये द, त्याच्या पोटाशी ध. म्हणजे शब्द उजवीकडे जड झाला. सगळीकडे एकाच जाडीची रेघ ठेवली, तर लहान आकारात सर्वांत आधी 'द्ध'मधली पोकळी बुजते आणि तिथे काळा ठिपका उरतो. म्हणून त्या जोडाक्षरातली रेघ थोडी बारीक करायची, पोकळी थोडी उघडायची, ऋकार आखूड ठेवायचा. जोडाक्षर फोडून पाय मोडलेला 'द्' आणि शेजारी 'धी' असंही काही जण करतात. वाचायला ते चालतं, पण मला स्वतःला ते नावाच्या बोर्डावर तुटक वाटतं.

आधुनिक दिसावं म्हणून शिरोरेषा काढून टाकण्याचा मोह बऱ्याच जणांना होतो. तो आवरा, निदान सुरुवातीला. म आणि भ, घ आणि ध यांच्यातला फरक शिरोरेषेपाशीच असतो. रेषा गेली की वाचणारा अडखळतो. 'ल' आणि 'श' यांचंही बघा. महाराष्ट्र शासनाच्या 2009 च्या निर्णयात पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' ही मराठी रूपं ठरवलेली आहेत, पण अनेक फॉन्टमध्ये मूळ रूप हिंदी वळणाचं असतं. काही फॉन्टमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडली की मराठी रूप आपोआप येतं. येत नसेल तर हाताने काढा. आपल्या माणसाच्या दुकानावर आपल्या वळणाचं अक्षर असावं, असं मला मनापासून वाटतं.

फॉन्टसाठी पैसे नसले तरी अडत नाही. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने केलेले 'मुक्त' आणि 'बलू' हे फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सखाली मोफत मिळतात आणि व्यावसायिक लोगोत वापरता येतात. 'मुक्त'मध्ये बारीकपासून जाडपर्यंत सात वजनं आहेत, सरावाला उत्तम. पण फॉन्ट टाइप करून तसाच देऊ नका, पुढच्या चौकात तेच अक्षर वडापावच्या गाड्यावर दिसेल. अक्षराचे कर्व्ह करा, म्हणजे टाइप केलेलं अक्षर रेषांच्या आकारात बदला, आणि नावाच्या स्वभावाप्रमाणे एखाददुसरं वळण बदला. ते वळण कसं सुचतं, हे कळायला जुन्यांची कामं बघावी लागतात. कमल शेडगे (1935–2020) यांनी मराठी नाटकांची नावं अशी लिहिली की वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत अक्षरावरूनच नाटकाचा बाज कळायचा. र. कृ. जोशी (1936–2008) यांची सुलेखनं बघा. आपल्या कॉम्प्युटरवरचा मंगल फॉन्टही त्यांचाच. रोज एक शब्द बोरूने किंवा जाड मार्करने लिहिला तरी हात बोलू लागतो.

नाव जमलं की काळ्या-पांढऱ्यात, दोन सेंटिमीटर रुंदीत प्रिंट काढा. त्याची झेरॉक्स, आणि त्या झेरॉक्सची झेरॉक्स. घरातल्या आजींना चष्म्याशिवाय वाचायला द्या. त्यांनी वाचलं तर पुढे जा आणि रंगाचा विचार करा. रंग निवडताना वर्षभर उन्हात राहिलेला एखादा फ्लेक्स बघून या. लाल-पिवळं उडालेलं असतं आणि निळसर चेहरे उरलेले असतात. मोबाइलच्या पडद्यावर चमकणारा हिरवा आणि भगवा छपाईत मंद पडतो, म्हणून मालकाला पडद्यावर होकार घेण्याऐवजी छापलेला कागद हातात द्या.

"वर लक्ष्मीचा फोटो टाका" ही मागणी येणारच. श्रद्धेचा विषय आहे, तोडून बोलू नका. बाटली रिकामी झाली की लेबल कचऱ्यात जातं, तिथे देवीचा फोटो बरा दिसेल का, एवढंच विचारलं तरी बहुतेक जण स्वतःच नको म्हणतात. फोटो दुकानाच्या गल्ल्यावर छान शोभतो. "नाव इंग्रजीत मोठं करा" म्हणाले, तर बोर्डापुरता कायदा सांगा: 2022 च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात दुकानाच्या पाटीवरची मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान ठेवता येत नाहीत.

फाइल देताना समोर प्रेसवाला आहे हे लक्षात ठेवा. तालुक्याच्या प्रेसमध्ये बहुधा कोरलड्रॉ हे डिझाइनचं सॉफ्टवेअर असतं आणि तुमचा फॉन्ट तिथे नसतो. कर्व्ह न करता फाइल पाठवली की वेलांट्या उडतात नाहीतर नुसत्या चौकटी येतात. तुम्ही मोफत मिळणाऱ्या इंकस्केपमध्ये काम केलंत तरी कर्व्ह केलेली पीडीएफ सगळीकडे उघडते. सोबत पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी, एकरंगी काळी आवृत्ती आणि डीपीची चौकोनी आवृत्ती द्या. या फाइली द्यायच्या राहिल्या तर मालक बोर्डाचा मोबाइलने फोटो काढून प्रेसला देतो.

पैशांचं आधी बोला, नात्यातलं काम असलं तरी. मी निम्मी रक्कम आगाऊ घेते, दोन पर्याय दाखवते आणि दुरुस्त्यांच्या दोन फेऱ्या ठरवते, हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून. हक्कांचंही लेखी द्या. कॉपीराइट कायदा 1957 प्रमाणे हक्काचं हस्तांतर लेखी लागतं, आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षंच धरली जाते, म्हणून 'कायमस्वरूपी' हा शब्द घालायला विसरू नका. आणि नाव पक्कं होण्याआधी ट्रेडमार्क नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर शोध घ्या. खाद्यतेल वर्ग 29 मध्ये येतं, मसाले आणि पीठ वर्ग 30 मध्ये. 'समृद्धी'सारखं नाव बहुधा कोणीतरी घेतलेलं असतं. एकट्या मालकाला किंवा लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका वर्गाला 4,500 रुपये आहे. नावाचा निकाल लागल्यावरच हजार लेबलं छापायला सांगा.