रेगमध्ये नुसतं अभ्यासाला बसू नका

दर सप्टेंबरला शिकागोच्या हाइड पार्कात, विद्यापीठाच्या भागात, नवी मुलं-मुली उतरतात आणि मला तेच प्रश्न येतात. खोली किती लांब घेतली तर चालेल, देशी दुकानांच्या डेव्हन अव्हेन्यूला जायचं कसं, विरजणाला कुठलं दही चालतं, थंडीचं जॅकेट तिकडूनच आणू का. (आणू नका. पुण्याच्या थंडीचं जॅकेट इथे नोव्हेंबरातच हात टेकतं.) शिकागो विद्यापीठाच्या लायब्ररीबद्दल मात्र कुणी काही विचारत नाही. फार तर रेग, म्हणजे तिथली मुख्य लायब्ररी, किती वाजेपर्यंत उघडी असते, एवढंच.

यात त्यांचा दोष नाही. आपल्याकडे लायब्ररी म्हणजे अभ्यासिका. बॅग टाकून जागा धरायची आणि घरून आणलेली पुस्तकं वाचायची. मी जिथे बीए केलं तिथे पुस्तकं जाळीच्या पलीकडे असत. चिठ्ठीवर तीन नावं लिहून द्यायची, शिपाईमामा आत जाऊन यायचे आणि तिन्ही नाहीत म्हणून सांगायचे. तीन वर्षांत कपाटाला माझा हात लागला नाही. ती सवय घेऊन मी २००६ साली इथे आले आणि पहिले दोन महिने रेगच्या चौथ्या मजल्यावर बसून माझ्याच झेरॉक्स वाचल्या. पाठीमागे रॅकच्या रांगा होत्या. तिथे आपण आपलं शिरायचं असतं, हे डोक्यातच आलं नाही.

तेव्हा पहिलं काम म्हणजे रॅकमध्ये शिरा. रेग म्हणजे जोसेफ रेगनस्टाइन लायब्ररी, १९७० साली उघडलेली, सत्तावन्नाव्या रस्त्यावरची ती करडी, खाचाखाचांची दगडी इमारत. पहिल्यांदा बघताना सरकारी कोठारच वाटतं. पाच मजले वर, दोन जमिनीखाली. खालच्या बाजूला गप्पा चालतात, वर जाल तसा आवाज कमी होतो. पाचव्या मजल्यावर दक्षिण आशियाचा संग्रह आहे, आणि आपल्या लोकांना मी सरळ तिथेच पाठवते.

तिथे पुस्तकांच्या कण्यावर 'पीके' अक्षरांनी सुरू होणारे क्रमांक शोधा. 'पीके २४१८'च्या आसपास मराठी साहित्य सापडतं. दोन्ही बाजूंना मराठी पुस्तकं, मध्ये तुम्ही. सांगली-मिरजेच्या दुकानात कधीच न दिसलेली, एकाच आवृत्तीत संपलेली पुस्तकं इथे सरळ उभी असतात. एक नियम तेवढा पाळा. काढलेलं पुस्तक शहाणपणा करून परत रॅकमध्ये खोचू नका, ढकलगाडीवर किंवा टेबलावर ठेवा. चुकीच्या जागी गेलेलं पुस्तक हरवल्यासारखंच.

ही पुस्तकं इथे आली कशी, याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेच्या १९५४च्या 'पीएल ४८०' कायद्याखाली भारताला गहू मिळाला आणि त्याचे पैसे रुपयांत भरले गेले. ते रुपये डॉलर करून इकडे आणता येत नव्हते. मग १९६२पासून त्यातल्या काही रुपयांतून भारतातच पुस्तकं विकत घेऊन अमेरिकी विद्यापीठांना पाठवायला सुरुवात झाली. शिकागो त्यांपैकी एक. माझी आजी रेशनच्या त्या गव्हाला आयुष्यभर नावं ठेवायची. पोळी चिवट होते म्हणायची. तिच्या त्या पोळ्यांच्या पैशातले काही रुपये फिरून पाचव्या मजल्यावर कादंबऱ्या होऊन बसलेत, हे तिला सांगायचं राहून गेलं.

संग्रह उभा करणाऱ्यांमध्ये मॉरीन पॅटरसन यांचं नाव मोठं. दक्षिण आशियाच्या ग्रंथसंग्रहाचं काम त्यांनी इथे वर्षानुवर्षं केलं. त्यांचा स्वतःचा अभ्यास महाराष्ट्रातला होता, चित्पावन घराण्यांच्या कुलवृत्तांतांवरचा. आपल्या घरी माळ्यावर धूळ खाणारा कुलवृत्तांत कुणाच्या तरी संशोधनाचं साधन असू शकतो, हे मला कळलं ते इथे, शिकागोत.

कॅटलॉगमध्ये मराठी पुस्तक शोधताना मात्र आपलेच लोक हमखास अडकतात आणि "इथे काहीच नाही" म्हणून परततात. देवनागरीत टाकून काही नोंदी सापडतात, पण जुनी पुस्तकं रोमन लिपीत नोंदवलेली आहेत, आणि ते रोमन आपण व्हॉट्सॲपवर लिहितो तसलं नाही. 'च' म्हणजे नुसता सी, त्याला एच नाही. 'श'साठी साधा एस टाका, खालच्या-वरच्या खुणा सोडून दिल्या तरी चालतं. आणि आपण उच्चारात गिळतो तो प्रत्येक 'अ' लिहायचा. म्हणजे 'चौक' हा सी, ए, यू, के आणि शेवटी पुन्हा ए. 'शेतकरी'मध्ये 'त'नंतरचा ए विसरलात की शेतकरी गायब. हे कागदावर लिहून लॅपटॉपला चिकटवा, मीही चिकटवलं होतं.

रेगला लागूनच काचेचा घुमट दिसेल, ती मॅन्सुएटो लायब्ररी, २०११ची. वर बसायला एक मोठं उजेडाचं दालन आणि त्याच्या खाली पन्नास फूट खोल कोठार, ३५ लाख ग्रंथ मावतील एवढं. तिथे माणूस जात नाही. तुम्ही कॉम्प्युटरवर मागणी नोंदवायची, यंत्र पेटी वर काढतं, पाचेक मिनिटांत पुस्तक काउंटरवर. खालची पुस्तकं विषयानुसार नाहीत, आकारानुसार रचलेली आहेत. यंत्राला काय, त्याला बारकोड पुरे. पण म्हणूनच मॅन्सुएटोतलं पुस्तक आधी ठाऊक असेल तरच मिळतं. शेजारचं पुस्तक सहज दिसून हाती लागणं, ते सुख रेगमध्येच. फेब्रुवारीत बाहेर सगळं पांढरं झालं की घुमटाखाली जाऊन बसा, एवढं मात्र सांगते. या दोन्ही इमारती जुन्या स्टॅग फील्ड मैदानावर आहेत. २ डिसेंबर १९४२ रोजी पहिली नियंत्रित अणुसाखळी प्रक्रिया घडवली ती त्याच मैदानाच्या प्रेक्षक-गॅलरीखाली. त्याची खूण म्हणून एलिस अव्हेन्यूवर शिल्पकार हेन्री मूरचं शिल्प आहे, येता-जाता बघाल.

आता पैशाचं. पहिल्या आठवड्यात एकही पाठ्यपुस्तक विकत घेऊ नका. प्राध्यापकांनी लावलेली बरीच पुस्तकं 'रिझर्व्ह'वर ठेवलेली असतात, काही तासांपुरती मिळतात. स्कॅनर आहेत, हवं ते प्रकरण स्कॅन करून घ्या. अख्खं पुस्तक झेरॉक्स करून स्पायरल बाइंडिंग मारायची आपली रीत मात्र विमानतळावरच सोडून या.

इथे नसलेलं पुस्तकही मिळतं. 'बॉरो डायरेक्ट'मधून येल, हार्वर्ड, कोलंबिया अशा विद्यापीठांतली पुस्तकं मागवता येतात आणि विद्यार्थ्याला त्याचे पैसे पडत नाहीत. उलट तुमच्याकडचं पुस्तक दुसऱ्याला हवं असेल तर 'रिकॉल' येतो. मुदत कितीही लांबची असो, रिकॉल आला की परत द्यायचं. पहिल्या डिसेंबरात मी एक जाडजूड पुस्तक बॅगेत टाकून सांगलीला गेले आणि विद्यापीठाची ईमेल तीन आठवडे उघडलीच नाही. परतले तेव्हा एकापाठोपाठ एक पाच आठवणपत्रं वाट बघत होती. चूक पूर्ण माझी. दंड भरला आणि त्या पुस्तकासाठी ताटकळलेल्या अनोळखी माणसाची मनात माफी मागितली.

विचारायला लाजू नका. काउंटरवरच्या मॅडम खेकसतील ही भीती आपण बरोबर घेऊन येतो. इथे प्रत्येक विषयाचा वेगळा ग्रंथपाल असतो, आणि प्रश्नाला उत्तर देणं हेच त्याचं काम आहे. "मला १९व्या शतकातल्या मुंबईतल्या गिरण्यांवर लिहायचंय, सुरुवात कुठून करू" असं ईमेल करा, अर्धा तास वेळ देतात. पहिल्या नावाने हाक मारायची, 'सर' म्हटलंत तर त्यांनाच अवघडल्यासारखं होतं.

विशेष संग्रहात कवी-भाषांतरकार ए. के. रामानुजन आणि खगोलशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांची कागदपत्रं आहेत. तिथे बसायचं तर बॅग बाहेर, शाईचं पेन बाहेर, फक्त पेन्सिल. इतिहासवाल्यांनी केनवुड अव्हेन्यूवरचं सेंटर फॉर रिसर्च लायब्ररीजही लक्षात ठेवावं. जुन्या भारतीय वर्तमानपत्रांच्या मायक्रोफिल्म तिथे आहेत आणि रेगपासून चालत जाता येतं.

शेवटची गोष्ट घरच्यांसाठी. मोल्सवर्थचा १८५७चा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश शिकागो विद्यापीठाने इंटरनेटवर खुले ठेवलेत. त्याला आयडी कार्ड लागत नाही. मी लिंक बाबांना पाठवली तेव्हापासून रविवारच्या फोनवर आधी एका शब्दाची परीक्षा होते, मग जेवलीस का ते विचारतात.