मेणबत्ती पेटवण्याआधी पंखा बंद करा

शाळांचे हॉल, वाचनालयं, विज्ञान प्रदर्शनं. गोव्यात 'घरातली आग' या विषयावर मी बरीच वर्षं बोलतोय. नवी मंडळी त्याच त्या चुका करतात. पहिली तर मीही केलीय.

बशीत पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती, वर पालथा ग्लास. ज्योत विझते, पाणी चढतं आणि वक्ता सांगतो, "ऑक्सिजन संपला, त्याची जागा पाण्यानं घेतली. बघा, बरोबर एक पंचमांश!" साफ चूक. सत्तरी तालुक्यातल्या एका गावात ग्लासावर पाच खुणा करून मी हेच सांगत होतो. त्या दिवशी एक मेणबत्ती नीट उभी राहीना म्हणून तीन एकत्र चिकटवल्या. पाणी पहिली खूण ओलांडून बरंच वर गेलं. पुढच्या रांगेतले आजोबा म्हणाले, "मास्तर, आमच्या गांवांत ऑक्सिजन चड आसा दिसता!" म्हणजे, आमच्या गावात ऑक्सिजन जास्त आहे वाटतं! हॉल हसला. मी ग्लासाला दोष दिला.

खरं कारण गरम हवा. ग्लास ठेवताना आतली हवा तापून फुगते, थोडी कडेनं बुडबुडे होऊन निसटते. ज्योत विझल्यावर उरलेली हवा गार होऊन आक्रसते आणि बाहेरचा दाब पाणी आत ढकलतो. म्हणूनच पाणी भराभर चढतं ते विझल्यानंतर. ज्योत विझते तेव्हा आत १६ टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन शिल्लक असतो, आणि जळलेल्याच्या जागी कार्बन डायऑक्साइडही आलेला असतो. आता मी आधी एक, मग तीन मेणबत्त्या लावतो आणि पाणी कुठवर येईल ते लोकांनाच विचारतो. मिनिटभराचा व्हिडिओ बघून स्टेजवर चढणाऱ्यांना एवढाही धीर नसतो.

दुसरी चूक पंख्याची. नुकत्याच विझलेल्या मेणबत्तीच्या पांढऱ्या धुराला काडी लावली की ज्योत धुरावरून उतरून वातीवर बसते. तो धूर म्हणजे गार झालेली मेणाची वाफ. ज्योत जळते ती वाफेवरच. चुलीतल्या लाकडाचंही तेच, तापून निघणारे वायू पेटतात. पण पंखा फुल्ल, धूर पांगलेला, आणि वक्ता काडी थेट वातीला लावून म्हणतो "बघा!" काय बघायचं? काडी वातीच्या बोटभर वर धरा. पावसाळ्यात माचीस सादळते, मी ती घट्ट झाकणाच्या डब्यात नेतो.

ज्योतीचा पिवळा रंग ऑक्सिजनचा नव्हे, तापलेल्या काजळीचा. ज्योतीवर बशी धरा, काजळ मिळेल.

फुंकर मारल्यावर चूल पेटते, मेणबत्ती विझते, असं का? हे कोणीतरी विचारणारच, उत्तर तयार ठेवा: निखारा स्वतःच तापलेला असतो, त्याला हवा हवी असते, मेणबत्तीची ज्योत मात्र वाफेपासून तुटते.

पेटत्या तेलावर पाणी टाकून दाखवायचा मोह स्टेजवर नको, घरामागेही नको. पाणी तेलाखाली जाऊन क्षणात वाफ होतं आणि पेटतं तेल चौफेर उडवतं. मी पिशवीतून एक जुनं झाकण काढतो आणि रिकाम्या, थंड कढईवर कडेनं सरकवून दाखवतो. आधी गॅस बंद, मग झाकण. टाळ्या पडत नाहीत, पण कार्यक्रमानंतर दोन-तीन बायका येऊन ते झाकण हातात घेऊन बघतात.