नौदलाच्या जहाजाजवळ होडी नेताना या चुका टाळा

बडोद्याहून रात्रीची गाडी पकडून मुंबई गाठायची, गेटवेहून नाहीतर अलिबागकडून होडी काढायची आणि रविवारी रात्री परत, हा बेत आता नवा राहिलेला नाही. मुंबई काय, गोवा काय, कारवार काय, तिन्हीकडे नौदल आहे. युद्धनौका दिसणारच. आणि नेमका तिथेच सुरसागरात होडी वल्हवायचा सराव दगा देतो. तळ्यात समोरचा काठ दिसत असतो, त्यावरून अंतराचा अंदाज येतो. उघड्या पाण्यात काठ नसतो, आणि धुरकट हवेत करडं जहाज आहे त्याहून लांब वाटतं.

त्यामुळे पहिली चूक अंतराचीच होते. अमेरिकेत याचा लेखी नियम आहे: नौदलाच्या जहाजापासून ५०० यार्डांच्या आत, म्हणजे साधारण ४५७ मीटरच्या आत आलात की वेग सुकाणू ऐकेल इतकाच ठेवायचा आणि १०० यार्डांच्या, म्हणजे ९१ मीटरच्या आत परवानगीशिवाय शिरायचं नाही. आपल्याकडे बंदराबंदराचे मनाई केलेले पट्टे वेगळे. ते डेहराडूनच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयाच्या नकाशांवर आणि बंदराच्या सूचनांमध्ये पाहायचे. तिथे जास्त अंतर लिहिलं असेल तर तेच खरं. जिथे काही लिहिलेलं नाही, तिथे ५०० मीटर आपणहून पाळावेत.

इतकं कशाला? १२ ऑक्टोबर २००० रोजी एडनच्या बंदरात ‘कोल’ या अमेरिकी विनाशिकेला स्फोटकांनी भरलेली एक छोटी होडी येऊन भिडली आणि १७ नौसैनिक गेले. २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईवरचे हल्लेखोरही ‘कुबेर’ ही मासेमारी होडी पळवून, शेवटचा टप्पा रबरी होडीतून आले. डेकवरच्या पहारेकऱ्याला तुमची सहल दिसत नाही. त्याला दिसतो वेग, दिशा आणि रेडिओवर तुम्ही देता ते उत्तर. २० नॉटने (ताशी साधारण ३७ किलोमीटरने) निघालेली होडी ४५७ मीटर ४५ सेकंदांत कापते. तेवढ्यात त्याला तुम्हाला बघायचं आहे, वर कळवायचं आहे, हाक मारायची आहे आणि उत्तराची वाटही पाहायची आहे.

अंतर मोजायला दुर्बीण लागत नाही, वीत पुरते. हात ताठ करून बोटं पसरली की अंगठ्यापासून करंगळीपर्यंत साधारण २० अंश होतात. ‘आयएनएस सुरत’ ही आपली विनाशिका १६४ मीटर लांब आहे. असं जहाज आडवं दिसत असताना पूर्ण वीत भरून गेलं, तर तुम्ही ४५० मीटरवर आहात. मुठीत मावतंय, म्हणजे १० अंशांत, तर ९०० च्या पुढे. २६२ मीटरचं ‘विक्रांत’ सव्वासातशे मीटरवरच वीत भरतं. उलट ५० मीटरची गस्ती नौका वीत भरेपर्यंत तुम्ही दीडशे मीटरच्याही आत गेलेले असता. म्हणून आधी जहाज केवढं ते ओळखा, मग वीत लावा. जहाज तुमच्याकडे तोंड करून असेल तर हा हिशोब साफ चुकतो. तेव्हा मोजत न बसता बाजूला व्हावं.

दुसरी चूक, पुढून आडवं जाणं. फोटो चांगला येतो म्हणून लोक हेच करतात. एवढं मोठं जहाज लगेच थांबत नाही, आणि उंच डेकवरून नाळेखालचं, म्हणजे पुढच्या टोकाखालचं, पाणी दिसत नाही. अरुंद खाडीमार्गात २० मीटरपेक्षा लहान होडीने आणि शिडाच्या होडीने मोठ्या जहाजाची वाट अडवायची नाही, असा आंतरराष्ट्रीय नियमच आहे. नेहमी मागून जा. दिशा पाच अंशांनी बदलली तर समोरच्याला कळतसुद्धा नाही. तीसेक अंश, एकदाच आणि वेळेवर बदला. पाच छोटे भोंगे ऐकू आले तर त्याला तुमचा इरादा कळलेला नाही. वेग कमी करा आणि तोंड त्याच्यापासून लांब वळवा. जहाज जाताना उठलेली लाट आडवी घेऊ नका, होडीचं तोंड तिच्याकडे तिरकं ठेवा आणि बसलेल्यांना धरून बसायला सांगा.

डोलकाठीवरच्या खुणाही वाचाव्यात. वर गोळा, मध्ये पत्त्यातल्यासारखी चौकट, खाली गोळा (रात्री लाल, पांढरा, लाल दिवे) म्हणजे त्याला वळता येत नाही, विमान उतरवत असेल किंवा दुसरं काम चालू असेल. तीन गोळे किंवा तीन हिरवे दिवे म्हणजे सुरुंग काढणं चालू आहे, १००० मीटरच्या आत जायचं नाही. निळापांढरा ‘ए’ झेंडा म्हणजे पाण्याखाली पाणबुडे आहेत.

आता रेडिओ. व्हीएचएफ चॅनेल १६, म्हणजे समुद्रात हाक मारायचा आणि संकट कळवायचा सामाईक चॅनेल, सतत ऐकत राहायचं. गाणी लावून सेट बंद ठेवणं ही सगळ्यांत महागात पडणारी चूक, कारण हाक तिथेच येते. जहाजाचं नाव दिसत नसेल तर बाजूवर रंगवलेला क्रमांक वापरा. बटण दाबा, एक सेकंद थांबा, मग माइक तोंडापासून चार बोटं लांब धरून नेहमीच्या आवाजात:

“इंडियन वॉरशिप डेल्टा सिक्स नायनर, इंडियन वॉरशिप डेल्टा सिक्स नायनर, धिस इज सेलिंग बोट…, वन माइल ऑन युअर पोर्ट बो, आय विल पास अस्टर्न ऑफ यू, ओव्हर.”

म्हणजे डी-६९ क्रमांकाच्या जहाजाला सांगायचं: मी तुमच्या पुढच्या डाव्या अंगाला एक मैलावर आहे, तुमच्या मागून जाईन. उत्तर आलं की त्यातली सूचना जशीच्या तशी परत म्हणा. नुसतं “रॉजर” म्हणजे ऐकलं, “विल्को” म्हणजे ऐकलं आणि तसंच करतो. न कळलेल्या सूचनेला “रॉजर” देणं हे न ऐकण्याहून वाईट. “ओव्हर अँड आउट” सिनेमात शोभतं. ओव्हर म्हणजे तुम्ही बोला, आउट म्हणजे संपलं, दोन्ही एकत्र कशी होणार? जवळ असाल तर २५ वॉटऐवजी १ वॉट पुरतो, जहाजाचा अँटेना उंच असतो.

उत्तरच येत नसेल तर क्रमाने पाहा. स्क्वेल्च (खरखर दाबणारं बटण) फार घट्ट आहे का? सेट परदेशातून आणलेला असेल तर तो अमेरिकी चॅनेलवर अडकलाय का? चॅनेल १६ दोन्हीकडे एकच असतं, पण तिथून दुसऱ्या चॅनेलवर गेलात की गोंधळ होतो, म्हणून तो आंतरराष्ट्रीय मोडवर ठेवा. बटण दाबताच स्क्रीन विझते का? तर बॅटरी दमलेली आहे: २५ वॉटवर सेट पाचसहा अँपिअर ओढतो. अँटेनाचा पीएल-२५९ जोड उघडून बघा. पावसाळाभर बडोद्यात माळ्यावर पडलेल्या सेटच्या जोडावर हिरवट गंज हमखास सापडतो. आणि गादीखाली अडकलेला माइक बटण दाबलेल्या अवस्थेत राहिला तर अख्खा चॅनेल १६ तुमच्या गप्पांनी बंद होतो. पाठवण्याचा दिवा उगाच पेटलेला दिसला की आधी माइक शोधा.

सराव हवा, पण बटण न दाबता. घराच्या गच्चीवरून मरीन सेटवर “रेडिओ चेक” करणं कायद्यात बसत नाही. तो परवाना होडीपुरता असतो. थुराया किंवा इरिडियमचा सॅटेलाइट फोनही परवानगीशिवाय सोबत नको. ड्रोन तर नकोच: पश्चिम नौदल कमांडने २०२१ मध्ये आपल्या ठिकाणांभोवती ३ किलोमीटरचा पट्टा ड्रोनबंदीचा जाहीर केला आहे. निघण्याआधी ‘नॅव्हएरिया ८’ च्या, म्हणजे आपल्या समुद्रभागासाठीच्या इशाऱ्यांच्या, सूचना वाचा, गोळाबारीच्या सरावाचे भाग त्यात कळतात.

इंजिन जहाजाजवळ बंद पडलं तर गुपचूप वाहत जाऊ नका. खोली असेल तर नांगर टाका. चॅनेल १६ वर होडीचं नाव, काय बिघडलं आणि होडीत किती माणसं आहेत ते सांगा. सगळ्यांचे हात वर दिसू द्या. कोणी बॅगेत हात घालू नये, टॉर्च किंवा लेझर जहाजाकडे रोखू नये, फ्लेअर (संकटाचा प्रकाशबाण) उडवायची तर आधी रेडिओवर सांगून. रेडिओच मेला असेल आणि फोनला रेंज असेल, तर तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४.