जुनी पिकअप घाटात तापते? या चुका टाळा

एप्रिलमध्ये पुण्याच्या मार्केट यार्डात अंजीर उतरवून सासवडला परतत होतो. मागे खताची पोती. दिवेघाट निम्मा चढलो नाही तोच तापमानाचा काटा लालात. गाडी बाजूला घेतली, तर बरोबरचा पोरगा फडकं घेऊन थेट रेडिएटरच्या झाकणाला भिडला. हात धरून मागे ओढला म्हणून वाचला. आतलं पाणी दाबाखाली असतं. झाकण ढिलं होताच ते उकळतच अंगावर येतं. बॉनेट उघडा आणि निदान अर्धा तास गप्प बसा. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतलं तर हेडला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणासारख्या भागाला, तडा जाऊ शकतो.

माझ्या गाडीचं मूळ दुखणं वेगळंच निघालं. आदल्या वर्षी एका गॅरेजवाल्यानं "आपल्याकडं याची गरज नाय" म्हणत थर्मोस्टॅट काढून टाकला होता. मीही मान डोलावली. हा वॉल्व्ह पाणी साधारण ८० अंशांच्या पुढेमागे तापलं की उघडतो आणि ते रेडिएटरकडे सोडतो. तो नसला की सकाळी इंजिन लवकर गरम होत नाही, डिझेल अर्धवट जळतं, त्यातलं थोडं ऑइलमध्ये उतरतं आणि झीज वाढते. शिवाय काही इंजिनांत हाच वॉल्व्ह उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढला तर थोडं पाणी रेडिएटरला न जाता आतल्या आतच फिरत राहतं आणि चढाला गाडी उलट जास्त तापते! नवा थर्मोस्टॅट नाना पेठेत मिळतो, हेडच्या कामापुढे त्याची किंमत काहीच नाही.

दुसरी चूक बोअरच्या पाण्याची. घरच्या बादलीला पांढरा थर धरतो ना, तोच रेडिएटरच्या नळ्यांत धरतो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं घाला. गाडी गार असताना झाकण उघडून बघा: पाणी विटकरी दिसलं तर आत गंज आहे. झाकणाचं रबर कडक झालं असेल तर झाकणच बदला. दाब टिकला नाही तर पाणी लवकर उकळतं.

ऑइलची डिपस्टिक रोज सकाळी, सपाट जागी. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर त्यात पाणी शिरलंय, बहुधा हेड गॅस्केट (हेडखालची सील) गेलंय. गाडी सुरूच करू नका. काळा धूर म्हणजे आधी एअर फिल्टर बघा, निळा म्हणजे ऑइल जळतंय. फिल्टरला कॉम्प्रेसरची हवा मारायची तर कमी दाबानं आणि आतून बाहेर. आमच्याकडे सर्रास उलटं चालतं, कागद फाटतो आणि धूळ सरळ सिलेंडरमध्ये.

डिझेल फिल्टरखालच्या स्क्रूतून पाणी काढणं पावसाळ्यात विसरू नका. टर्बो असेल तर घाट चढून थांबल्यावर मिनिटभर गाडी चालू ठेवा. आणि उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकणाऱ्यांना काय सांगावं? सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापून निकामी होतात, मग इंजिन कितीही ठणठणीत असो.

थर्मोस्टॅट, झाकण, कूलंट बदलून तोच घाट तेवढ्याच पोत्यांनिशी चढलो. काटा अर्ध्याच्या वर गेला नाही. पोरगा मात्र अजून फडकं हाताशीच ठेवतो.